समोर गिऱ्हाईक नसताना लिहायचे कसे?

पूर्व नागपुरात कूलर बनवण्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका तरुण व्यावसायिकाने पुढील प्रश्न विचारला आहे: “वडिलांनी १९८९ मध्ये सुरू केलेला व्यवसाय आता मी पाहतो. दुकानात आलेल्या माणसाला मी अर्धा तास कूलर समजावून सांगू शकतो आणि तो बहुधा घेऊनच जातो. पण व्यवसायाची ओळख म्हणून दोन पाने लिहायला बसलो की सरकारी परिपत्रक तयार होते. मोकळेपणाने लिहून पाहिले, तर ते थिल्लर वाटते आणि वडील म्हणतात, ‘हे वाचून लोक आपल्याला पोरकट समजतील.’ बोलल्यासारखे आणि तरीही भारदस्त असे कसे लिहावे?” सोबत त्यांनी आपल्या मसुद्यातील पहिले वाक्य दिले आहे. ते असे: “गेल्या ३५ वर्षांहून अधिक काळ ग्राहकांच्या सेवेत अग्रेसर असलेली आमची संस्था अत्याधुनिक तंत्रज्ञानाचा अवलंब करून उच्च दर्जाचे कूलर माफक दरात उपलब्ध करून देत आहे.”

नागपूरच्या महाल भागात माझा छापखाना होता आणि तिथे येणाऱ्या दुकानदारांचे मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, लिहून देता देता हेच माझे मुख्य काम झाले. तीस वर्षांत किराणा, साड्या, मंगल कार्यालये, मसाले, शिकवणी वर्ग अशा सगळ्यांसाठी लिहिले, त्यामुळे तुमचे हे वाक्य मला जुन्या ओळखीच्या माणसासारखे भेटले.

तुम्ही अडचण भाषेची आहे असे समजत आहात. मला ती तशी वाटत नाही. भाषा तुमच्याकडे आहे, म्हणून तर माणूस अर्धा तास ऐकून घेतो आणि कूलर घेऊन जातो. दुकानात आणि कागदावर फरक इतकाच असतो की दुकानात तुम्हाला कोणीतरी काही विचारलेले असते आणि कागदावर कोणीच काही विचारत नाही. समोर कोणी नसले की आपण एकाच वेळी सगळ्यांना उद्देशून लिहू लागतो: गिऱ्हाईक, बँकेचा मॅनेजर, शेजारचा प्रतिस्पर्धी, सासरची मंडळी, आणि खांद्यावरून डोकावणारे वडील. या सर्वांना एकाच वेळी चालेल अशी भाषा फक्त परिपत्रकाची असते, कारण परिपत्रक लिहिणाऱ्यालाही ते नेमके कोण वाचणार आहे हे ठाऊक नसते. म्हणून शैली सुधारण्यापूर्वी वाचणारा ठरवला पाहिजे. तो ठरला की निम्मी शैली आपोआप सुधारते, असा माझा अनुभव आहे.

वाचणारा कोण, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. तुमचा बराचसा माल गोंदिया किंवा अमरावतीच्या विक्रेत्यांकडे ठोकभावाने जात असेल, तर त्यांना घरगुती गप्पा नकोत. माल किती दिवसांत मिळेल, मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची आणि सुटे भाग कधीपर्यंत मिळतील, एवढेच त्यांना हवे असते. शाळा-वसतिगृहांच्या निविदा भरत असाल, तर तिथे परिपत्रकाची भाषाच योग्य आहे आणि तिथे बोलके लिहिणे हा उलट दोष ठरेल. काही व्यवसायांत तर स्वतःविषयी किती बोलावे यालाच मर्यादा असते. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार जाहिरात करता येत नाही, त्यामुळे एखादे वकील माझ्याकडे आले तर मी नाव, पत्ता, पात्रता आणि कामाचे क्षेत्र यापलीकडे जात नसे. तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की तुमचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे होळीनंतर कूलरची चौकशी सुरू करणारे आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सर्वांत तापते नऊ दिवस, लागण्याआधी कूलर खिडकीत बसलाच पाहिजे म्हणून घाईवर येणारे कुटुंब. पुढचे सगळे मी ते कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी तुमच्या त्या वाक्याची कुळकथा सांगतो, कारण त्यात तुमचा दोष फार थोडा आहे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात एकेक अक्षर हाताने उचलून ओळ जुळवावी लागत असे. जुळाऱ्याचा वेळ महाग होता आणि खिळेही मोजकेच असत, म्हणून एखादे हँडबिल छापून झाले की त्याचे जुळवलेले मॅटर लगेच मोडत नसत. सुतळीने बांधून फळीवर ठेवून देत. दुसऱ्या दिवशी दुसरा दुकानदार आला की तेच मॅटर उतरवायचे, दुकानाचे नाव आणि पत्ता बदलायचा आणि छापायचे. साहजिकच त्या मॅटरमध्ये असे शब्द लागत, जे चपलांच्या दुकानालाही चालतील आणि चष्म्याच्या दुकानालाही चालतील. ‘माफक दर’, ‘सर्व प्रकारची’, ‘एकदा भेट देऊन खात्री करा’, ‘सेवेची संधी द्या’ हे शब्द अशा बांधून ठेवलेल्या मॅटरमध्ये सोयीचे होते, कारण ते कोणाचेच नव्हते. पुढे ऑफसेट आले, संगणक आला, खिळे भंगारात गेले, पण ती वाक्ये लोकांच्या मनात सुतळीने बांधलेलीच राहिली. तुमच्या वाक्यातला ‘कूलर’ काढून ‘फर्निचर’ घातले तर ते तसेच चालेल, म्हणजेच तेही फळीवरचे मॅटर आहे. ‘अग्रेसर’ आणि ‘अत्याधुनिक’ या दोन शब्दांना तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर धाडावे, या मताचा मी आहे.

त्याच काळातल्या एका वाक्याची बाजू मात्र मी नेहमी घेतो. ‘आमची कुठेही शाखा नाही’ या पाटीवर लोक हसतात, पण तिच्यात एक खरी माहिती आहे, एक खरी भीती आहे आणि बोलणाऱ्याचा आवाजही आहे. आपल्या नावावर दुसरा कोणी माल विकतो आहे, हे कळल्यावर वैतागलेल्या दुकानदाराने ती लिहिली, हे वाचताक्षणी समजते. बोलके लिहिणे याचा मला अभिप्रेत असलेला अर्थ तोच आहे. त्यात ‘नमस्कार मंडळी’ नाही, उद्गारचिन्हे नाहीत आणि विनोदही नाही. तुमचा दुसरा मसुदा वडिलांना थिल्लर वाटला, तो बहुधा याच कारणाने वाटला असावा. पारा ४५ अंशांपुढे गेलेला, घरात तान्हे मूल, अशा अवस्थेत कूलर शोधणाऱ्या माणसाला गमती नको असतात. त्याला हे जाणवायला हवे असते की समोरच्याला आपला धंदा कळतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. लिहायला बसू नका. आधी कोणाला तरी प्रश्न विचारायला बसवा. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि कूलरविषयी काहीही माहीत नसलेल्या माणसाला समोर घ्या. कारखान्यातला कारागीर किंवा वडील या कामाला चालणार नाहीत, कारण त्यांच्याशी बोलताना तुम्ही निम्मे गृहीत धरता. मुंबईची किंवा कोकणातली एखादी मावशी असेल तर उत्तम. तिकडच्या दमट हवेत कूलरचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे तिने तो नीट पाहिलेलाच नसतो आणि ती अगदी मुळातले विचारते: “खिडकी उघडी ठेवायची? मग गार हवा बाहेर नाही का जाणार?”

या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल, ते तुमच्या दोन पानांचे हृदय आहे. तुम्ही साधारण असे सांगाल: एसी खोलीतली तीच हवा फिरवून गार करतो, म्हणून तिथे दारे-खिडक्या बंद लागतात. कूलर बाहेरची कोरडी हवा त्याच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते आणि हवा गार होऊन आत येते. जेवढी हवा आत आली, तेवढीच बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ओलावा खोलीतच साठतो आणि थोड्या वेळात अंग चिकट होऊ लागते. कूलर बिघडला म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींच्या घरी फक्त समोरची खिडकी उघडण्याची गरज असते, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. हे सांगताना तुम्हाला ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ हा शब्द आठवणारसुद्धा नाही.

अर्ध्या तासाचे बोलणे जसेच्या तसे उतरवून काढा, पण ते तसेच छापू मात्र नका. इथे बरेच जण फसतात आणि मग ‘बोलल्यासारखे लिहा’ या सल्ल्यालाच नावे ठेवतात. बोलताना आपले निम्मे काम हात करतात. तुम्ही पत्र्यावर टिचकी मारून “हे बघा, हा पत्रा” म्हणता आणि गिऱ्हाईक तो आवाज ऐकून समजते; कागदावर ती टिचकी नसते, तिथे आकडा लागतो. म्हणून ‘हा पत्रा’ याच्या जागी ‘२२ गेजचा पत्रा’ लिहावे लागेल, आणि लगेच पुढे हेही सांगावे लागेल की गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, त्यामुळे २४ गेज ऐकून कोणी त्याला अधिक मजबूत समजू नये. बोलताना एकच मुद्दा तीनदा येतो, तो एकदाच ठेवा. मात्र तीनपैकी कोणता ठेवायचा हे ठरवताना सर्वांत नीटनेटका निवडू नका, ज्यात एखादी वस्तू, जागा किंवा प्रसंग आला असेल तो निवडा. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बघा’ यांपैकी बहुतेक गाळा, पण सगळे गाळू नका. वाक्याचा श्वास कधीकधी त्यांच्यावरच टिकून असतो.

तुमच्या पहिल्या वाक्याच्या जागी मी पुढील मजकूर ठेवीन. आकडे आणि तपशील तुमचे घाला, मी नमुना म्हणून लिहितो आहे:

“आम्ही लोखंडी पत्र्याचे कूलर बनवतो. वडिलांनी १९८९ मध्ये हे काम सुरू केले, तेव्हाही कूलरचा तळच आधी सडायचा आणि आजही तोच सडतो, विशेषतः बोअरचे खारे पाणी वापरणाऱ्या घरांत. म्हणून टाकीचा तळ आम्ही बाकीच्या अंगापेक्षा जाड पत्र्याचा घेतो आणि आतून डांबराचा हात देतो. दर दोन हंगामांनी तो हात पुन्हा द्यावा लागतो. तुम्ही घरीही देऊ शकता, कसा द्यायचा ते आम्ही दाखवतो.”

या मजकुरात एकही विशेषण स्तुतीचे नाही, तरी वाचणाऱ्याला हा माणूस चांगले काम करतो असे वाटते. १९८९ हे सालही आहे, पण ते मिरवण्यासाठी आलेले नाही; एवढी वर्षे एकाच दुखण्यावर उपाय करत आलो, हे सांगण्यासाठी आले आहे. वडिलांना ‘स्थापना १९८९’ हवेच असेल तर ते पाटीवर जरूर राहू द्या, तिथे ते शोभते. लेखात मात्र सालाला काहीतरी काम द्या. तेव्हा गवताच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदलाव्या लागत, आता हनीकोंबच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या, ताट्या अधिक टिकतात पण क्षार साठले की त्याही निरुपयोगी होतात. अशा एखाद्या बदलातून ३५ वर्षे दिसतात, ‘प्रदीर्घ अनुभव’ म्हटल्याने दिसत नाहीत.

हे तंत्र कूलरपुरतेच नाही, याचे एक उदाहरण देतो. घरगुती मसाले आणि मिरची कांडून देणाऱ्या एका बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी आणलेल्या कागदावर ‘स्वच्छता, शुद्धता आणि दर्जा हीच आमची ओळख’ असे लिहिले होते. मी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले की गिऱ्हाइकांवर तुम्ही कशासाठी रागावता. त्या लगेच म्हणाल्या, “ओलसर मिरची आणतात हो! भिवापुरी असो की कोणतीही असो, दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय आणू नये. ओली मिरची यंत्राला चिकटते, तापते आणि तिखट काळवंडते, मग म्हणतात आमची मिरची बदलली.” आम्ही तेवढेच छापले, फक्त राग थोडा कमी केला. त्यानंतर लोक मिरची वाळवून आणू लागले, हा एक फायदा झालाच. पण वाचणाऱ्यांना हेही कळले की या बाई तिखटाच्या रंगाकडे लक्ष देतात. ‘गिऱ्हाइकावर तुम्ही कशासाठी रागावता’ हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो. अभिमान कशाचा वाटतो असे विचारले तर लोक फळीवरचे मॅटर काढून देतात.

आता क्रियापदे आणि सर्वनामांविषयी थोडे, कारण मराठीत परिपत्रकाचा वास मुख्यतः तिथून येतो. ‘दुरुस्ती करून देण्यात येईल’ या वाक्यात दुरुस्ती करणारा माणूस नाहीसा झाला आहे; ‘दुरुस्ती करून देतो’ म्हटले की तो परत येतो. तुम्ही आणि दोन कारागीर मिळून काम करत असाल तर ‘आम्ही’ म्हणा, एकटे असाल तर संकोच न करता ‘मी’ म्हणा, पण ‘आमची संस्था’ म्हणू नका. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो फरक आहे, तो अशा लेखनात फार उपयोगी पडतो. ‘आमच्या कारखान्यात’ म्हणताना वाचणारा बाहेर असतो, ‘आपल्या नागपूरच्या उन्हात’ म्हटले की तो तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो. मात्र वाचणाऱ्याला आदराने ‘आपण’ म्हणून संबोधायचे ठरवलेत तर हा फरक पुसला जातो आणि ‘आपण टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करावी’ यात करायचे कोणी, हा गोंधळ उरतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’ म्हणतो. त्यात पुरेसा आदर आहे.

नागपूरमध्ये याच्या पुढचा एक प्रश्न येतोच: बोलल्यासारखे लिहायचे तर ‘करून राहिलो’, ‘काहून’ हेही लिहायचे का? माझे मत असे की तुमचे स्वतःचे निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवावे आणि गिऱ्हाइकाचे बोलणे त्याच्या तोंडी असेल तसे ठेवावे. ‘हवा तर येऊन राहिली, पण थंडावाच नाही’ ही तक्रार तुम्ही उन्हाळ्यात रोज ऐकत असाल. ती तशीच अवतरणात द्या आणि तिच्याखाली तुमचे उत्तर साध्या भाषेत द्या. पंप पाणी ओढतो का, ताट्यांच्या वरच्या नळीची भोके क्षारांनी बुजली आहेत का, समोरची खिडकी उघडी आहे का. असे केले की वाचणाऱ्याला आपला प्रश्न आपल्याच शब्दांत दिसतो आणि उत्तर देणाऱ्याचा तोलही सुटत नाही. संपूर्ण लेख वऱ्हाडी ढंगात लिहिलेला मी दोन-तीनदा पाहिला. लोकांनी कौतुक केले, एकमेकांना पाठवला, पण तो करमणुकीचा मजकूर समजून पाठवला. बोलीचा असा तमाशा होणे मला आवडत नाही, हा माझा आग्रह समजा.

वस्तूंची नावे मात्र गिऱ्हाईक घेते तीच घ्या. वाळ्याला दुकानात कोणी वाळा म्हणत नाही, खस म्हणतात, तर खसच लिहा. हिंदीचाही विचार करावा लागेल. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, इतवारीच्या बाजारात आजही व्यवहार बराचसा हिंदीत चालतो आणि तुमच्या दुकानातही निम्मे बोलणे हिंदीत होत असेल. हिंदी पान वेगळे करायचे असेल, तर मराठीचे भाषांतर करू नका. हिंदी बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून तेच प्रश्न पुन्हा विचारायला लावा आणि ते उतरवून काढा. उदाहरणेसुद्धा बदलतील, ती बदलू द्यावीत.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवा, अजाण माणसाला प्रश्न विचारायला लावा, तुमच्या उत्तरांतून वस्तू, आकडे आणि राग ठेवून बाकीचे गाळा, आणि क्रियापदात माणूस दिसू द्या. यानंतर एक अवघड भाग उरतो, तो म्हणजे खरे किती सांगायचे.

दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत असाल की जुलैत उमस सुरू झाली की कूलरची मजा संपते. हे लिहायलाही कचरू नका. उलट ते सुरुवातीलाच लिहा, कारण आपल्या वस्तूची मर्यादा स्वतःहून सांगणाऱ्या माणसाच्या पुढच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात. विजेचे गणितही उघड मांडा: पंखा आणि पंप मिळून २०० वॅट धरले तर दहा तासांना दोन युनिट लागतात, आणि चालू असताना दीड हजार वॅट घेणारा एसी तेवढी वीज दीड तासाच्या आतच संपवतो. पाणी किती लागते याचा आकडा मात्र कोठून उचलून लिहू नका. मे महिन्यात एका कूलरची टाकी सकाळी काठोकाठ भरा, संध्याकाळी पुन्हा भरताना बादल्या मोजा आणि तोच आकडा, ‘आम्ही आमच्या दुकानात मोजले’ असे म्हणून द्या. टाकीत पाणी साठून राहिले की त्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होऊ शकते, म्हणून आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी, हेही तुमच्याकडूनच यायला हवे. तळाला पाणी सोडण्याची तोटी तुम्ही कुठे बसवली आहे हे सांगायला त्याच ठिकाणी जागा मिळते.

न झेपणारी गोष्ट मात्र लिहू नका. सुरुवातीच्या काळात मी एका लोखंडी कपाटे बनवणाऱ्यासाठी ‘कधीही न गंजणारे’ असे लिहून दिले होते. त्यांना ते फार आवडले आणि मलाही. दोन पावसाळे गेल्यावर एक गृहस्थ तेच हँडबिल घडी घालून खिशातून घेऊन त्यांच्या दुकानात आले. कपाटवाल्याने त्यांना सरळ माझ्या छापखान्यात पाठवले, ‘हे यांनी लिहिले, यांना विचारा’ म्हणून. मी चहा मागवला, दुसरे काय करणार होतो? तेव्हा ते चहावर निभावले. आता ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे ‘क्रमांक एक’, ‘१०० टक्के हमी’, ‘आयुष्यभर टिकणारा’ हे शब्द शैलीच्या दृष्टीने वाईट आहेत एवढेच नाही. मोटरीची हमी द्यायची असेल तर किती महिन्यांची, गुंडाळी तांब्याची की अॅल्युमिनियमची, आणि जळाली तर मोटर बदलून देता की गुंडाळी नव्याने भरून देता, हे तीन वाक्यांत लिहा. त्यावर वाद होत नाहीत.

वडिलांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मला अर्धा बरोबर वाटतो. पोरकट दिसू नये ही त्यांची काळजी योग्य आहे. भारदस्तपणा मोठ्या शब्दांतून येतो, ही समजूत तेवढी चुकीची आहे. वर दिलेला तळाच्या पत्र्याचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. वाचताना ते मध्येच थांबवून “डांबराचा हात देण्याआधी तळ घासून कोरडा करावा लागतो, तेही लिही” असे काही म्हणाले, तर मसुदा योग्य वाटेवर आहे असे समजा, कारण फळीवरच्या मॅटरमध्ये कोणी दुरुस्ती सुचवत नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नसतेच. त्यांची प्रत्येक दुरुस्ती घ्या. मात्र त्यांनी ‘अग्रेसर’ परत घालायला सांगितले तर तिथे तुम्हाला ठाम राहावे लागेल, आणि त्यासाठी माझ्याकडे काही युक्ती नाही.

शेवटी पत्ता. दोन पाने मनापासून लिहून लोक पत्ता मात्र वीजबिलावरून उतरवतात: प्लॉट क्रमांक, खसरा क्रमांक, लेआउटचे नाव. त्या पत्त्यावर टपाल येते, गिऱ्हाईक येत नाही. फोनवर वाट विचारणाऱ्याला तुम्ही जे सांगता, ते लिहा: कोणत्या चौकातून वळायचे, डाव्या हाताला काय दिसते, कूलर न्यायला आलेली गाडी गल्लीत शिरते की तोंडाशीच उभी करावी लागते. मार्च ते जूनमध्ये दुकान किती वाजेपर्यंत उघडे असते ते लिहा, आणि पावसाळ्यात फक्त दुरुस्ती आणि रंगकाम घेत असाल तर तेही लिहा. ऑगस्टमध्ये कोणी मोटर भरून घ्यायला आला आणि त्याला कुलूप दिसले, तर पुढच्या उन्हाळ्यात तो दुसरीकडे जाईल.